सव्वासहा सेंटांचा शब्द

कोशात शब्दाचा अर्थ सापडला की पान मिटायचं नाही, कंसातली व्युत्पत्तीही वाचायची, हा आमच्या इंग्रजीच्या सरांचा दंडक होता. ‘शब्द कुणाच्या घरचा, ते विचारा,’ म्हणायचे. त्यासाठी ग्रंथालयातला जाडजूड कोश त्यांनी कपाटातून काढून मुलांच्या टेबलावर ठेवायला लावला होता.

दहावीत धड्याबाहेरचा एक शब्द त्यांनी फळ्यावर लिहिला: ‘पिकयून’. अर्थ क्षुल्लक, कोत्या मनाचा. किरकोळ गोष्टीवरून कटकट करणाऱ्यालाही अमेरिकेत हे विशेषण लावतात. पण मुळात ते नाणं! दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हांसाल बोलीत ‘पिकायून’ म्हणजे चिल्लर नाणं. फ्रेंचांबरोबर हे नाव अमेरिकेतल्या लुईझियानात गेलं आणि तिथे अर्ध्या रेआलच्या स्पॅनिश नाण्याला चिकटलं. डॉलरचे रेआल आठ, म्हणजे असे अर्धे सोळा.

इथे सरांनी खडू खाली ठेवला. ‘रुपयाचे आणे किती?’ सोळा! मग त्यांनी फळ्यावर भागाकार मांडला. शंभर भागिले सोळा, सव्वासहा. पिकयून सव्वासहा सेंटांचा आणि १९५७ साली दशमान पद्धत आली तेव्हा आपला आणाही सव्वासहा नव्या पैशांचा. हिशेबाची वही आण्या-पैत लिहिणाऱ्या घरांतली आम्ही मुलं; लुईझियानातल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा बाजार आम्हाला त्या क्षणी परका राहिला नाही. आजवर इतका सुंदर भाषेचा तास मी पाहिलेला नाही.

पुढचं मी नोकरीला लागल्यावर वाचलं. १८३७ मध्ये न्यू ऑर्लिन्सला निघालेल्या एका वर्तमानपत्राची किंमत एक पिकयून होती, म्हणून त्याचं नावच ‘द पिकयून’. १८५७ च्या कायद्याने परकी नाणी अमेरिकेच्या चलनातून बाद झाली, पण नाव टिकलं. १८७६ मध्ये पतीच्या निधनानंतर एलायझा जेन पॉइटेव्हेंट यांनी कर्जात बुडालेलं ते पत्र हाती घेतलं आणि सावरलं. मिसिसिपीतल्या एका गावालाही त्यांच्यामुळे हेच नाव मिळालं. शब्दकोशात ‘क्षुद्र’ ठरलेलं नाव एक अख्खं गाव आजही मिरवतं, याचा मला मनापासून आनंद वाटतो. सरांना हे सांगायचं राहून गेलं.

शाळेच्या महोत्सवी निधीतून ग्रंथालयासाठी नवा कोश घेणार असल्याचं कळलं. माझा वाटा त्यासाठीच धरावा. आणि कोश कुलपात नको, टेबलावर असू द्या.