बाबांची ईसीजीची पट्टी

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेस हवा होता, म्हणून शरणपूर रोडवरच्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे बाबांचा ईसीजी काढला. पट्टीवर मशीननेच छापलं, ‘अ‍ॅबनॉर्मल ईसीजी, राईट बंडल ब्रांच ब्लॉक’. बाबांना बीपी आहे, गोळी चालू आहे. पण छातीत दुखणं, दम, चक्कर काही नाही. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज चालतात. तरी संध्याकाळपर्यंत नातेवाइकांचे फोन सुरू झाले, लगेच अँजिओग्राफी करा म्हणून.

डॉक्टरांनी मात्र आधी पट्टी पुन्हा काढली. हातांच्या क्लिपा अदलाबदल झाल्या किंवा पेशंट हलला तरी पट्टी बिघडते. दुसरीही तशीच आली. मग म्हणाले, “काका, तुमच्या वयाच्या बीपी-शुगरवाल्यांमध्ये मला अशा पट्ट्या नेहमी दिसतात.” उजव्या कप्प्याकडे जाणारा विजेचा संदेश थोडा उशिरा पोहोचतो, एवढाच याचा अर्थ, रक्तवाहिनी तुंबलीय असा नाही. डाव्या बाजूचा ब्लॉक नव्याने दिसला असता, तर त्यांनी सगळं थांबवून आधी हृदयाचा तपास केला असता.

त्यांचा खरा प्रश्न होता, जुना ईसीजी आहे का? फाइलमधली जुनी पट्टी पार पुसट झालेली. थर्मल कागदाचं हे असंच होतं. सुदैवाने विमा पॉलिसीच्या मेडिकलच्या वेळची झेरॉक्स सापडली, आणि तिच्यावरही हाच ब्लॉक! म्हणजे तो कित्येक वर्षांपासून आहे. माझा जीव तिथेच भांड्यात पडला. टूडी इकोमध्येही, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग व्यवस्थित निघालं.

म्हणून ईसीजी काढूच नये, असं मी अजिबात म्हणणार नाही. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात प्राथमिक केंद्रांतले ईसीजी दुरून वाचले जातात. तिथल्या अडीच लाखांहून जास्त रुग्णांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन साधारण १.८ टक्के जणांना होतं. त्यात ठोके अनियमित पडतात, गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि अनेकांना रक्त पातळ करणारी गोळी लागते. काही त्रास जाणवत नसतानाही ते असू शकतं, पट्टीवरच कळतं.

आता घरातल्या प्रत्येकाच्या ईसीजीचा फोटो तारखेसह मोबाइलमध्ये ठेवलाय. ऑपरेशन झालं, बाबा पेपर वाचतात. फिजिशियननी बीपीची गोळी बदलली आणि सहा महिन्यांनी पुन्हा पट्टी काढायला सांगितलीय.