स्मोक सिस्टीम: हवेतला धूर अखेर टिकला

मंडळी, माझ्या रिमोटवरच्या मॉडेल विमानाचा धूर टिकला! अख्ख्या लूपभर (हवेतल्या उभ्या गोल गिरकीभर), पांढराशुभ्र आणि जाड, मध्ये कुठेही खंड नाही. अजून हातापायांत उत्साह आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

या सिस्टीममध्ये पंप टाकीतलं तेल गरम मफलरमध्ये (इंजिनाच्या एक्झॉस्टच्या डब्यात) सोडतो आणि तिथून धूर निघतो. गेल्या वेळी गाडी अडली होती ती इथे: विमान जमिनीवर बांधून फुल थ्रॉटल दिला की मैदान धुरानं भरून जायचं. हवेत मात्र स्विच टाकला की पहिले दोन-तीन सेकंद झकास झोत, आणि मग नुसती करडी, विरळ रेघ. स्विच बंद करून थोडं थांबलं की पुन्हा जोरदार झोत, पुन्हा रेघ.

तुमच्यापैकी बहुतेकांचा संशय पंपावर होता. पंप हवा ओढतोय, क्लंक (टाकीतल्या नळीचं तेल ओढणारं वजनदार टोक) तेलाबाहेर येतोय, किंवा व्हेंट (टाकीत हवा येण्याची नळी) अरुंद असल्यानं टाकीत निर्वात होऊन प्रवाह मंदावतोय. लक्षणांवरून यातलं काहीच खोडता येत नव्हतं, कारण थोडं थांबल्यावर या सगळ्याच गोष्टी आपोआप सुधारू शकतात. मोठा पंप मागवायच्या बेतातच होतो, पण त्याआधी मोजून बघायचं ठरवलं. बेंचवर पंपाची नळी मापाच्या भांड्यात सोडली: मिनिटाला साधारण 120 मिली. मग टाकी काठोकाठ भरून उडवलं, ट्रान्समीटरचा टायमर स्मोक स्विचला जोडला, आणि उतरल्यावर उरलेलं तेल सिरिंजनं काढून मोजलं. खर्च जवळजवळ बेंचइतकाच!

म्हणजे पंप, क्लंक, व्हेंट, मफलरचा उलटा दाब, सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले. तेल मफलरपर्यंत पुरेपूर पोचत होतं, फक्त त्याचा धूर होत नव्हता. पुरावा विमानाच्या पोटावरच होता. एक्झॉस्टच्या तोंडापासून थेट टेलव्हीलपर्यंत तेलाचा ओला पट्टा, आणि तेलही स्वच्छ, जळकट वास नसलेलं.

आपला धूर म्हणजे जळलेलं तेल नव्हे, हे इथे पक्कं लक्षात ठेवायला हवं. गरम एक्झॉस्टमध्ये तेलाची वाफ होते, बाहेरच्या गार हवेत तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात, आणि ते पांढरे दिसतात. वाफ होताना तेल मफलरमधली उष्णता खेचून घेतं. पहिला झोत निघायचा तो धातूत साठलेल्या उष्णतेवर. ती संपली की एक्झॉस्टला तेवढं तेल झेपत नव्हतं. शिवाय हवेत वेगामुळे कॉउलच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) तोंडातून येणारा वारा थेट मफलरवर आदळत होता. जमिनीवर फक्त प्रॉपचा (पुढच्या पंख्याचा) वारा, म्हणून तिथे सगळं छान दिसायचं. जॅक सॅव्हेजची आकाशलेखनाची (धुरानं आकाशात अक्षरं काढायची) जुनी एस.ई.5ए विमानं आठवा, 1922 च्या सुमाराची. त्यांचे एक्झॉस्ट पाइप शेपटीपर्यंत लांबवलेले होते. इतक्या लांब गरम नळीत तेलाला वाफ व्हायला भरपूर वेळ मिळतो.

उपाय दोन केले. कॉउलच्या आत पातळ प्लायचा बॅफल (वारा वळवणारा आडपडदा) बसवला, म्हणजे येणारी हवा सिलिंडरच्या फिन्सवरून जाते आणि मफलर आडोशाला राहतो. मफलरकडच्या कडेला ॲल्युमिनियमची टेप लावली आहे. आणि पंपाचा वेग उतरवून प्रवाह 90 मिलीवर आणला. कमी तेल, जास्त धूर! बॅफल बसवणार असाल तर उतरल्या उतरल्या सिलिंडर हेडचं तापमान जरूर बघा. माझ्याकडे फरक किरकोळ आला, पण तुमच्या कॉउलची रचना वेगळी असेल.

आणि मग तो लूप. धूर हवेत तसाच राहिल्यामुळे आपण काढलेला आकार समोर दिसतो. माझा वरच्या टोकाला चपटा होता, खाली उतरताना फुगलेला. ज्याला मी गोल समजत होतो तो अंड्यासारखा निघाला. आता एलिव्हेटरवर (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पातीवर) काम करायला खरी मजा येईल.

थोडं सामानाबद्दल. पंपाबरोबर आलेला प्लास्टिकचा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं तेल जाऊ देणारी झडप) काढून धातूचा लावला आहे. टाकी मफलरपेक्षा वर असेल तर पंप बंद असतानाही सायफननं तेल झिरपतं, आणि तिथे कमकुवत व्हॉल्व्ह चालत नाही. तेलात डिझेल किंवा रॉकेल मिसळायचा सल्ला अधूनमधून दिला जातो. कृपया नको. त्यानं मिश्रण लवकर पेट घेतं, आणि लाकडाच्या विमानात गरम मफलरशेजारी ते ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. पातळ पॅराफिनिक स्मोक ऑइल पुरेसं आहे.

ट्रान्समीटरमधलं मिक्सिंग (थ्रॉटल आणि पंपाची जोडणी) तेच ठेवलंय: अर्ध्या थ्रॉटलखाली पंप बंद, फेलसेफलाही (सिग्नल तुटल्यावरही) बंद. पुढे हेडरभोवती (इंजिन ते मफलर या नळीभोवती) तांब्याची नळी गुंडाळून तेल आधीच तापवायचा विचार होता. पण हे लिहिता लिहिताच सुचलं, की पंप तसाही ईएससीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) चालतो, मग नुसतं चालू-बंद कशाला? प्रवाह थ्रॉटलबरोबर वाढवायचा. एक्झॉस्टमध्ये उष्णता कमी तेव्हा तेल कमी, जास्त तेव्हा जास्त. यात एक ग्रॅमही वजन वाढत नाही, काम फक्त ट्रान्समीटरमधल्या कर्व्हचं (कुठल्या थ्रॉटलला पंप किती, ते ठरवणाऱ्या आलेखाचं). तेव्हा तांब्याची नळी तूर्तास बाजूला, आधी कर्व्ह. कुणी पाच बिंदूंचा कर्व्ह वापरून बघितला असेल तर खालच्या टोकाला पंप किती टक्क्यांवर ठेवलात ते सांगा. तिथे पंप अडखळतो का, ते मला बेंचवर आधी तपासायचं आहे.