बोटावरची दोरी

सप्टेंबरातल्या एका दुपारी इंग्लंडात रेडिंगजवळ केनेट नदीच्या काठावर मित्राने माझ्या हातात गळाची काठी दिली, रिळाच्या पुढची दोरी उचलून माझ्या तर्जनीवर ठेवली आणि आता डोळे मिटून बसलास तरी चालेल, असे सांगितले. बार्बेल हा मासा तळाशी चरतो. त्याच्या ओठांवर मिशांच्या दोन जोड्या असतात आणि त्यांनी वाळूगोटे चाचपत तो आपले खाणे शोधतो. त्यामुळे काठीच्या शेंड्याकडे टक लावून बसण्यापेक्षा बोटाला विचारलेले बरे, असे मित्राचे मत आहे. पाच-दहा मिनिटांत ते मलाही पटले. वजन गोट्यांवरून सरकले की दोरी खरखरते, पाणगवतात शिरले की नुसती जड होते, आणि चुटुचुटु कुरतडल्यासारखे जाणवले तर तो मासा नसून अमेरिकेहून आणलेला आणि आता या नदीत बोकाळलेला मोठा झिंगा असतो.

पाटणजवळ कोयनेच्या काठी माझा मामा काठी वापरतच नसे. दोरीचे एक टोक पाण्यात, दुसऱ्याला बोटाभोवती दोन वेढे, आणि गळाला हिंग घालून मळलेल्या कणकेची गोळी, एवढ्यावर त्याचा सारा संसार चाले. शेजारी बसायचे तर बोलायचे नाही, पाय हलवायचे नाहीत आणि ‘लागला का?’ हे तर मुळीच विचारायचे नाही. दोरी क्षणभर माझ्या बोटावर ठेवून तो माझ्या तोंडाकडे बघत बसे, आणि मला काही कळले की नाही हे त्याला तिथेच समजे. मामीचाही एक नियम होता: मासा डोळ्यांना दिसल्याशिवाय ती वाटणाला हात लावत नसे. बहुतेक संध्याकाळी घरात पिठलेच होई. एखादा मिशाळ शिंगटा मिळाला, तर त्याचा काटा मामाच्या हाताला लागला आहे की नाही, याची चौकशी रस्सा उकळायला लागल्यावर होत असे.

मित्राकडे कणीक नव्हती. त्याने डब्यातल्या मांसाचे चौकोनी तुकडे केले आणि भांगेचे उकडलेले बी मुठीमुठीने प्रवाहात टाकले. हे बी इथल्या दुकानात उघडपणे मिळते आणि बार्बेलला त्याचे भारी वेड असते. होळीच्या दिवशी हे कुठल्या माणसांना सांगावे, याची यादी माझ्या मनात आपोआप तयार होऊ लागली.

मासा त्यालाच लागला. काठी वाकली, रीळ ओरडले, बऱ्याच झटापटीनंतर जाळीत एक लांबट, पितळी रंगाचा, तांबूस परांचा मासा आला, आणि त्याच्या पाठीवरचा करवतीसारखा काटा जाळीत अडकला. मित्राने हात ओले करून तो सोडवला, गळ काढला आणि माशाचे तोंड प्रवाहाकडे धरून गुडघाभर पाण्यात तो ओणवा उभा राहिला. बार्बेल लढून इतका दमतो की लगेच सोडला तर उलटा होऊन मरतो. म्हणून तो स्वतःच्या बळावर निसटेपर्यंत त्याला असे धरून ठेवावे लागते. ते आजारी माणसाची शुश्रूषा केल्यासारखे प्रेमाने चालले होते आणि मला मात्र वाटण आठवत होते. या माशाची गाबोळी विषारी असते, असे मित्र म्हणाला. माझे सांत्वन करण्याचाच त्याचा हेतू असावा.

मग चहा पिताना त्याने इतिहास सुरू केला. फार पूर्वी टेम्स ही ऱ्हाइनची उपनदी होती, त्यामुळे इंग्लंडात बार्बेल मुळात पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांतच आढळत असे. पश्चिमेकडच्या सेव्हर्नमध्ये आज दिसणाऱ्या बार्बेलचे पूर्वज 1956 साली याच केनेटमधून उचलून नेलेले आहेत. आता केनेटमध्येच त्यांची पिल्ले कमी दिसतात, कारण अंडी घालायला स्वच्छ खडी लागते आणि खडीवर गाळ बसत चालला आहे, असे तो बराच वेळ सांगत होता. 15 मार्च ते 15 जून या काळात नदीत गळ टाकायला बंदी असते, ती तो सणासारखी पाळतो.

तुमच्याकडे मिशांचे मासे आहेत का, असे त्याने विचारले. मी त्याला महाडजवळच्या वाळण कोंडीबद्दल सांगितले. तिथे काळ नदीतल्या महसिरांना देवीचे मासे म्हणून लोक चुरमुरे घालतात आणि धरत मात्र कोणी नाही. ओघात हेही सांगून बसलो की बार्बेलच्याच गोतातला आमचा दख्खनचा महसीर कर्नल साइक्सने 1839 साली शास्त्रात नोंदवला, तो पुण्याच्या मुळा-मुठेतला मासा पाहून. यावर मित्र एकदम खुलला. पुढच्या हिवाळ्यात तो भारतात येणारच आहे. साइक्सची नदी बघायची, काठी सोबत आणू का, असे त्याने विचारले.

बंडगार्डनच्या पुलावरून जाताना आम्ही गाडीच्या काचा वर करतो. काठी आणू नकोस, एवढेच मी त्याला म्हणालो.