पट्टा पडल्यावर

आज सकाळी ऊसतोड मजुरांच्या तळावर गेले. एका कोपीपुढे, म्हणजे तळावरच्या झोपडीपुढे, सातवीतली पोर भाकरी थापत होती, शेजारी गोधडीवर तान्हा भाऊ. आई-बाप पहाटेच कोयता घेऊन फडात. शाळेचं विचारलं, तर म्हणाली, "ताई, पट्टा पडल्यावर जाईन की."

म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात. तोवर वर्ष गेलंच.

संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ साली मंजूर झाली ती याच लेकरांसाठी. ही पोर मात्र अजून चुलीपुढेच. आमदार म्हणून मला याची लाज वाटते. येत्या अधिवेशनात लक्षवेधी लावणार आहे: वसतिगृहाचे प्रवेश टोळी गाव सोडायच्या आधीच, दसऱ्यापूर्वी व्हायला हवेत.

निघताना तिनं गरम भाकरी आणि ठेचा हातावर ठेवलाच.