बंदी घातलेला पेपर

आज जेवणाच्या सुट्टीत पॅसिफिकमधल्या टोंगा या बेटांच्या देशातली सहकारीण तिच्या वडिलांबद्दल सांगत होती. इथे ऑकलंडमध्ये ते ‘तैमी ओ टोंगा’ मोठ्याने वाचायचे आणि घरातल्या सगळ्यांनी ऐकायचं, अगदी जाहिरातींसकट! मग उरलेला दिवस त्या पेपरबद्दलच वाचत बसले.

कलाफी मोआलांनी तो 1989 मध्ये सुरू केला. टोंगाची लोकसंख्या जेमतेम लाखभर, तेव्हा सत्ता राजाच्या हाती. 1996 मध्ये एका मंत्र्यावरच्या महाभियोगाची बातमी प्रस्ताव संसदेत येण्याआधीच छापली, म्हणून मोआला, उपसंपादक आणि लोकशाहीवादी खासदार अकिलिसी पोहिवा यांना संसदेने 30 दिवसांसाठी तुरुंगात टाकलं. शिक्षा देणारे तेच, ज्यांच्यावर बातमी! कोर्टाने पुढे ती कैद बेकायदा ठरवली.

पेपर ऑकलंडला छापून टोंगात जायचा. सरकारने नेमकं तिथेच बोट ठेवलं. 2003 मध्ये कस्टम्सच्या कायद्याखाली पेपरच आयातबंद माल! कोर्टाने बंदी उठवली की सरकार दुसरी घाली. शेवटी राज्यघटनेतलं वृत्तपत्र स्वातंत्र्याचं कलमच बदललं. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारने सोबत आणलेले नवे माध्यम कायदे रद्द केले.

मला न्यायाधीशांइतकंच त्या छोट्या संपादकीय टीमचं कौतुक वाटतं. एवढ्याशा देशात सगळे एकमेकांना ओळखतात. ज्याच्याविरुद्ध लिहायचं तो रविवारी चर्चमध्ये शेजारच्या बाकावर. तरी त्यांनी लिहिलं. आणि ते पोहिवा? 2014 मध्ये टोंगाचे पंतप्रधान झाले.