तुम्ही विचारलंत म्हणून: लहान घर घेऊन पुढे वाढवावे का?

सांगलीत घरांचे नकाशे करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे संसाराला नुकतीच सुरुवात केलेली जोडपी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. तीन खोल्यांचा बंगला आज आवाक्यात नाही. मग विश्रामबाग किंवा कुपवाड रस्त्याच्या बाजूला एखादे लहानसे बैठे घर आत्ता घ्यावे आणि काही वर्षांनी हातात पैसा खेळू लागला की ते वाढवावे, हे योग्य ठरेल का? माझे उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी असते, मात्र त्याला एक अट असते. जे बांधकाम तुम्ही पुढे कधीतरी करणार आहात, त्याचा कच्चा नकाशा इसार देण्यापूर्वी तयार झाला पाहिजे. वाढवण्यासाठी घेतलेल्या घराची खरी किंमत त्याच्या डोक्यावर आणि शेजारी असलेल्या मोकळ्या जागेत असते, आणि ती जागा तुम्हाला वापरता येईल की नाही हे जमिनीखालचा पाया, कागदपत्रे आणि कृष्णेचे पाणी यांवर ठरते.

पायाबद्दल सविस्तर सांगतो, कारण घर पाहायला जाणारी माणसे फरशी पाहतात, नळ सोडून पाहतात, आणि पाया मात्र विक्रेत्याच्या शब्दावर सोडून देतात. "वर मजला चढेल, सळया सोडून ठेवल्या आहेत," हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. अशा वेळी गच्चीवर जाऊन त्या सळया हाताने चाचपून पाहाव्यात. ज्या ठिकाणी सळई काँक्रीटमधून बाहेर येते, तिथे दरवर्षी पावसाचे पाणी साठते आणि गंज सर्वांत जास्त तिथेच धरतो. वरचे टोक जाड दिसत असले तरी बुडाशी नखाने खरवडले की पापुद्रे निघतात आणि आत उरलेली सळई मूळ जाडीपेक्षा स्पष्टपणे बारीक असते. तेवढ्या भागावर नवा कॉलम जोडायचा असेल, तर जुने काँक्रीट फोडून निरोगी सळईपर्यंत जावे लागते आणि तो खर्च कोणाच्याही अंदाजपत्रकात नसतो.

सळया चांगल्या असल्या तरी त्यांच्या खाली काय आहे हा प्रश्न राहतोच. आपल्याकडच्या काळ्या मातीचा स्वभाव सर्वांना माहीत आहे: पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. मुरूम लागेपर्यंत खोदून भरलेला पाया या हालचालीला दाद देत नाही, पण खर्च वाचवण्यासाठी काळ्या मातीतच थांबवलेला पाया एका मजल्याचे वजन कसेबसे पेलतो. म्हणून मी मालकाच्या परवानगीने एका कोपऱ्यातल्या कॉलमलगत खड्डा घ्यायला सांगतो. दोन मजूर अर्ध्या दिवसात तो खोदतात, आणि फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद पाया, किती खोल आहे, किती रुंद आहे, ते मुरुमावर टेकले आहे की मातीवर, हे डोळ्यांनी दिसते. घर कॉलमचे नसून भिंतींवर उभे असेल, तर भिंत नऊ इंची आहे की त्याहून जाड, आणि जोडाई मातीची आहे की सिमेंटची, हेही तिथेच कळते. मालक खड्ड्याला नकार देत असेल, तर त्या घराचा विचार आहे तेवढ्याच घरासाठी करावा, वाढीव मजल्यासाठी करू नये.

शेजारी खोली काढणे हे मजला चढवण्यापेक्षा सोपे काम वाटते, परंतु काळ्या मातीत त्याचाही एक धोका आहे. जुने घर वीस वर्षांत बसायचे तेवढे बसलेले असते. नवी खोली मात्र आता बसायला लागते. दोन्ही भिंती एकमेकींत घट्ट गुंफल्या, तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच सांध्यावर वरपासून खालपर्यंत तडा जातो आणि तो कितीही वेळा भरला तरी परत उघडतो. नव्या भागाला स्वतःचा पाया आणि स्वतःचे कॉलम देऊन दोहोंमध्ये मुद्दाम फट ठेवणे आणि ती लवचीक भरावाने बंद करणे, हा त्यावरचा उपाय आहे.

सांगलीत हा निर्णय पुराला बाजूला ठेवून घेता येत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट मानली जाते, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. २००५ आणि २०२१ मध्येही कर्नाळ रस्ता, सूर्यवंशी प्लॉट आणि शामरावनगरच्या बाजूच्या लोकांनी घरात पाणी पाहिले आहे. पाणी कुठपर्यंत आले होते हे विक्रेत्याला विचारण्याऐवजी शेजारच्या दोन-तीन घरांत विचारावे. त्यानंतर विकास आराखड्यात निळी आणि लाल पूररेषा पाहून घ्यावी. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला वाव जवळजवळ नसतो आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोत्याच्या उंचीच्या अटी लागू होतात. त्यामुळे तिथले घर स्वस्तात मिळत असले, तरी त्याच्या वाढीचा हिशेब कोलमडतो. पट्ट्याबाहेरच्या पण सखल वस्तीत मात्र मजला चढवणे शेजारी खोली काढण्यापेक्षा केव्हाही बरे, कारण सामान आणि म्हातारी माणसे वर हलवायला हक्काची जागा होते.

कागदपत्रांत मूळ मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांचा आग्रह धरावा. उभे असलेले घर मंजुरीपेक्षा आधीच मोठे बांधलेले असेल, तर नव्या परवानगीच्या वेळी तो सारा जुना हिशेब तुमच्या नावावर निघतो. दाट वस्तीबाहेर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते ते प्रमाण, १.१० धरला, तर दोन गुंठ्यांच्या, म्हणजे २,१७८ चौरस फुटांच्या प्लॉटवर साधारण २,४०० चौरस फूट बांधकाम बसते. त्यामुळे अडचण सहसा एकूण क्षेत्राची नसून सामासिक अंतरांची, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेची असते. आपल्याकडे अनेक प्लॉट गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीविना गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेले आहेत. गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. तरीही ज्या प्लॉटचे नियमितीकरण प्रत्यक्षात झालेले नाही, तो वाढीव बांधकामासाठी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मंजूर नकाशा नसला की बँक वाढीव कामाला कर्ज देत नाही आणि मग पतसंस्थेच्या चढ्या व्याजाखेरीज मार्ग उरत नाही.

कच्च्या नकाशात सर्वांत आधी जिना काढावा. दहा फूट उंची चढायला सात इंची सतरा पायऱ्या लागतात, आणि जिना वळवून बसवला तरी एका लहान खोलीएवढी जागा तो खातो. ही जागा हॉलमधून गेली, तर मुळातच लहान असलेले घर आणखी आखडते. बाहेरून काढली, तर ती सामासिक अंतरात येते का ते पाहावे लागते. वरचे न्हाणीघर खालच्या न्हाणीघरावरच यावे, म्हणजे पाइप भिंती ओलांडत नाहीत. गच्चीवरचा जुना कोबा काढून टाकल्याशिवाय वर फरशी घालू नये, कारण विटांच्या तुकड्यांच्या त्या थराचे वजन बरेच असते.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. लहान घराला मुद्रांक शुल्क कमी लागते, हप्ता कमी बसतो आणि घरभाडे थांबते. हा फायदा खरा आहे. पण वाढीव काम प्रति चौरस फूट नव्या बांधकामापेक्षा महाग पडते, कारण त्यात फोडणे, जोडणे आणि फोडकामाचा राडारोडा वाहून नेणे असते आणि लहान कामाला ठेकेदार सवलत देत नाही. शिवाय दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर स्लॅब आणि त्याचे पाणी मारणे उरकले नाही, तर उघड्या घरावर पाऊस येतो. म्हणून आज वाचलेल्या हप्त्यातला ठरावीक भाग पहिल्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात आवर्ती ठेवीत टाकता येत असेल, तरच लहान घर घ्या. तसे जमणार नसेल, तर आहे त्या घरात वीस वर्षे राहता येईल का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारून व्यवहार करावा.

घर पसंत पडले, तर साठेखतात दोन वाक्ये वकिलांकडून आवर्जून लिहून घ्या: मूळ मंजूर नकाशाची आणि कॉलम-फूटिंगच्या रेखाटनांची प्रत विक्रेता देईल, आणि खड्डा घेऊन केलेली पायाची तपासणी असमाधानकारक निघाल्यास इसाराची रक्कम परत मिळेल.