आमची वाटचाल : यवतेश्वरच्या घाटातून नव्वद किलोमीटरपर्यंत

साताऱ्यात राहून लांब पल्ल्याचं धावणं शिकवणं हा आमचा व्यवसाय आहे. ‘यावर घर चालतं?’ हा प्रश्न नातेवाइकांनी विचारला, तसा कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेतल्या साहेबांनीही विचारला. तारण ठेवायला आमच्याकडे यंत्रं नव्हती, मालाचा साठा नव्हता. कर्ज मिळालं नाही. घरातल्या शिलकीवर सुरुवात केली आणि चालतंय. आज पगारावर माणसं आहेत, व्यायामाला भाड्याचा का होईना पण मोठा हॉल आहे, आणि पुण्या-मुंबईपासून दुबईपर्यंतचे धावपटू आमच्या वेळापत्रकावर धावतात.

सातारा हा धावणाऱ्यांचा जिल्हा आधीपासूनच आहे. अपशिंगे मिलिटरीसारखी सैनिकांची गावं इथली, रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. पण मी धावायला लागले तेव्हा रस्त्यावर दिसायची ती भरतीची पोरं. १६०० मीटर मारायचे, घड्याळ बघायचं, घरी जायचं. चाळिशीतला दुकानदार किंवा दोन मुलांची आई धावताना दिसली की लोक थांबून बघायचे. २०१२ मध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि चित्र पालटलं. पोलीस परेड ग्राउंडवरून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि परत उतरायचं, असे २१ किलोमीटर. डॉक्टर, वकील, शिक्षक, व्यापारी सगळे चढायला लागले. चढताना अर्धे चालायचे आणि उतरल्यावर आठवडाभर जिन्याचा कठडा धरून चालायचे. कुणीतरी शिकवायला हवं हे तिथं दिसलं.

पहिली काही वर्षं आमचा नुसता ग्रुप होता, फुकटचा. फी लावली तेव्हा निम्मी माणसं गेली. राहिली ती वेळेवर यायला लागली, सांगितलेलं ऐकायला लागली. माझी फिजिओथेरपिस्ट मैत्रीण भागीदार म्हणून आली आणि मग ही संस्था रीतसर नोंदली.

एक गोष्ट आम्ही सुरुवातीलाच ठरवली. फी महिन्याची नाही, हंगामाची घ्यायची. महिन्याचे पैसे भरणाऱ्याला महिन्यात फरक दिसायला हवा असतो, आणि शरीर त्या हिशेबाने चालत नाही. श्वास काही आठवड्यांत सुधारतो. माणसाला वाटतं, झालो तयार. पण स्नायू हाडाला जोडणारे कंडरे (टेंडन) आणि हाडं यांना महिनोन्महिने लागतात. पोटरी, टाच, नडगी दुखावतात त्या याच मधल्या काळात, म्हणजे दम आहे पण पाय अजून तयार नाहीत तेव्हा. म्हणून आमच्याकडे पहिले तीन महिने कुणालाही जोरात धावू देत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, इतकाच पेस. आधी २१, मग ४२, आणि ४२ नीट पचल्यावरच ५० आणि त्यापुढे. मित्राच्या मेडलचा फोटो दाखवून ‘मॅडम, सहा महिन्यांत अल्ट्रा (४२ किलोमीटरहून लांबची शर्यत) करायची आहे’ म्हणणारे दर आठवड्याला येतात. आम्ही नाही म्हणतो. त्यातले बरेच दुसरीकडे जातात, त्यांच्याबरोबर आमची फीही जाते. पण प्रशिक्षकाचं निम्मं काम माणसाला आवरून धरण्याचं आहे, असं माझं ठाम मत आहे. आमचा धंदा उभा आहे तो जे आवरले त्यांच्यावर. ते वर्षानुवर्षं राहिले, आणि पुढे त्यांनीच भाऊ, जाऊ, सहकारी आणून दिले.

उतार धावणं वेगळं शिकवावं लागतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. चढाला दम लागतो म्हणून सगळे चढाचाच सराव करतात. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच आपलं सगळं वजन पेलतो. तिथंच त्याचे तंतू जास्त दुखावतात, आणि म्हणून दोन दिवसांनी जिना उतरवत नाही. चांगली बाब अशी की असा मार स्नायूला एकदा बेताने दिला, तर पुढचे काही आठवडे तोच स्नायू पुष्कळ जास्त सोसतो.

आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एक ताई आहेत. ५० किलोमीटरच्या तयारीला लागल्या तेव्हा घाट उतरताना त्या मागे रेलायच्या, टाच आपटायची, प्रत्येक पावलाला ‘थप’ असा आवाज यायचा. मी मागून येत होते, मला पाय दिसायच्या आधी आवाज कळायचा. त्यांना सांगितलं, ताई, पाऊल निम्मं करा, हात थोडे बाजूला सोडा, नजर चार-पाच पावलं पुढे ठेवा, आणि आवाज ऐका. वळणामागून वळण उतरत गेलो. यवतेश्वरच्या खालच्या वळणांवर यायच्या आत तो ‘थप’ गेला होता, बुटाखाली खडी घासल्याचा बारीक आवाज तेवढा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला की वर्गात दिवसभर उभी राहिले, पाय ठीक आहेत. पुढे त्यांनी सिंहगड-राजगड-तोरणा ही ५३ किलोमीटरची डोंगरी शर्यत वेळेत पूर्ण केली.

आमच्या बहुतेक जुन्या धावपटूंचं स्वप्न एकच असतं, दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही शर्यत. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीत विक क्लॅपहॅम या माजी सैनिकाने १९२१ मध्ये ती सुरू केली. डर्बन ते पीटरमॅरित्झबर्ग, अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास, साधारणपणे एका वर्षी चढाच्या दिशेने आणि दुसऱ्या वर्षी उताराच्या. वेळ बारा तास. प्रवेशासाठी आधी मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत झालेली लागते. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड या बाईंना प्रवेश नाकारला गेला, तरी त्या धावल्या आणि शेवटपर्यंत पोचल्या. बायकांना आणि कृष्णवर्णीयांना अधिकृत प्रवेश मिळायला मात्र १९७५ उजाडावं लागलं. आमच्या गटातल्या प्रत्येक बाईला मी हे सांगते.

मी तिथं धावलेही आहे आणि आमच्या माणसांना घेऊनही गेले आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही पीटरमॅरित्झबर्गच्या रेल्वे स्टेशनवर जातो. १८९३ मध्ये गांधीजींना डब्यातून उतरवलं ते हे स्टेशन. शर्यतीच्या दिवशी पहाटे अंधारात हजारो माणसं सुरुवातीच्या रेषेवर उभी असतात, एका माणसाने काढलेली कोंबड्याची ध्वनिमुद्रित बांग होते आणि तोफेचा आवाज. वाटेत पाणी मिळतं ते प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांत. कोपरा दाताने फोडायचा, निम्मं तोंडात आणि निम्मं मानेवर. मीठ लावलेले उकडलेले बटाटे मिळतात. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते शेवटचं. बारा तास भरत आले की एक पदाधिकारी अंतिम रेषेवर येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो. वेळ झाली की बंदूक वाजते, आणि दोन पावलं मागे असलेल्यालाही मेडल नाही. काहींना हे निर्दय वाटतं. मला ते न्याय्य वाटतं. वेळेची मर्यादा सगळ्यांना वर्षभर आधी माहीत असते, आणि तिच्यासाठीच तर आपण वर्षभर पहाटे उठतो. आमचा एक एस.टी.तला वाहक तिथं अकरा तासांनंतर पोचला. अकरा ते बारा तासांत येणाऱ्यांना क्लॅपहॅम यांच्याच नावाचं मेडल देतात. ते गळ्यात घालून तो माझ्याशी बोलत होता, आणि पहिल्यांदा विचारलं काय, तर ‘मॅडम, पुढच्या वर्षी चढाची ना?’

खाण्यापिण्यावर आम्ही फार वेळ घालवतो. तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, सराव असेल तर ९०पर्यंत. बाहेरच्या महागड्या एनर्जी जेलवर (पुडीतल्या गोड, घट्ट पाकावर) आमचा राग नाही, पण रोजच्या सरावाला ते परवडत नाहीत आणि अनेकांच्या पोटाला मानवतही नाहीत. राजगिऱ्याचा लाडू, केळं, खजूर, मीठ लावलेला बटाटा, लिंबू-साखर-मिठाचं पाणी यावर आमची माणसं तासन्‌तास धावली आहेत. पोटालाही सराव द्यावा लागतो. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही खायचं नाही.

पाण्याच्या बाबतीत तर आमच्या गाडीच्या डिकीत वजनकाटाच असतो. लाँग रनच्या आधी वजन, नंतर वजन. एक किलो घटलं म्हणजे साधारण लिटरभर घाम गेला. आणि वजन वाढलेलं दिसलं तर मी जास्त काळजी करते. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला आपल्याकडे जो तो देतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीपेक्षा कमी झालेलं आढळलं, आणि त्यामागचं मोठं कारण शर्यतीत वजन वाढेल इतकं पाणी पिणं हे होतं. हळू धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण ते तासन्‌तास रस्त्यावर असतात आणि पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबतात. तहानेप्रमाणे प्या, एवढंच आम्ही सांगतो. आणि धावताना वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. गोळी खिशात सापडली तर त्या दिवसाचा सराव बंद.

असाच दुसरा कडक नियम पिशवीचा. २०२१ च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारठा, वारा आणि पाऊस आला आणि २१ धावपटू दगावले. बरेच जण पातळ कपड्यांत होते. आपल्याकडे तशी थंडी नसते असं कुणी म्हणालं, तर मी त्याला जुलैमध्ये कासच्या पठारावर नेते. साधारण १२०० मीटर उंची, अंगावर ओला शर्ट, समोरून वारा, आणि दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. बोटं बटण लावायला ऐकत नाहीत. वारा अडवणारं जॅकेट, शिट्टी, चार्ज केलेला फोन आणि खायला काहीतरी, एवढं पाठीवर असल्याशिवाय आमचा कुणीही पठारावर जात नाही. मग तो कितीही जुना असो.

बायकांची बॅच वेगळी सुरू केली ती त्यांच्याच मागणीवरून. पहाटे अंधारात एकटीने निघायची भीती, कपड्यांवरून होणारी बोलणी, हे तर होतंच. पण आम्हाला आत दुसरंच सापडलं. ‘ताई, चढावर अंगातलं बळच जातं’ असं सांगणाऱ्या कितीतरी जणींचं हिमोग्लोबिन कमी होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं, मग आमच्या बॅचमध्ये तो नसता तरच नवल. आता प्रवेशाच्या वेळी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासतो आणि कमी असेल तर आधी डॉक्टरांकडे पाठवतो. जिला वर्षानुवर्षं आळशी म्हटलं गेलं ती उपचारानंतर घाट न थांबता चढते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याबद्दल बोलताना मला अजूनही राग येतो, इतकी साधी गोष्ट कुणी तपासली नाही याचा.

टाळेबंदीत सगळं ठप्प झालं. कॉम्रेड्स २०२० आणि २०२१ मध्ये झालीच नाही. गच्चीवर, अंगणात सराव आणि फोनवर शिकवणं असं करत तो काळ काढला. बाहेरगावचे धावपटू आले ते त्याच काळात, आणि टिकले. आता निम्मं उत्पन्न त्यांच्याकडून येतं. त्यांच्या घड्याळातले आकडे रोज आमच्याकडे येतात, पण दर रविवारी मी प्रत्येकाला फोन करतेच. झोप कशी झाली, ऑफिसात काय चाललंय, घरी कुणी आजारी आहे का. मोबाइलवर फुकट वेळापत्रकं हवी तेवढी मिळतात. पण मूल तापाने फणफणलेलं असताना रात्र जागलेल्या बापाचा उद्याचा ३० किलोमीटरचा सराव रद्द करायला माणूसच लागतो.

पुण्यात शाखा काढा असं अनेक जण सुचवतात. तूर्त तो विचार नाही. त्याऐवजी आमच्याच बॅचमधून तयार झालेल्या दोघी मुली हाताखाली शिकत आहेत, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण त्यांचं झालं आहे, उतारावरचे धडे आता त्याच घेतात. येत्या जूनपासून त्या कराडला पहिली बॅच सुरू करतील. फी तिथंही हंगामाची असेल, आणि पहिले तीन महिने बोलत बोलतच धावायचं.